फॅक्टरीचं सस्पेन्शन थकलंय? परफॉर्मन्स कारचे शॉकअप आणि स्प्रिंग बदलताना

सस्पेन्शन एका दिवसात मरत नाही, हीच त्याची खरी अडचण. क्लच घसरला की कळतं, बॅटरी बसली की कळतं. शॉकअप मात्र महिन्यामहिन्याने ढिला पडत जातो आणि आपले हात, पाठ, डोळे त्या ढिलेपणाला तितक्याच हळू सरावतात. मग कधीतरी त्याच मॉडेलची कमी चाललेली गाडी चालवायला मिळते आणि पहिल्याच वळणावर लक्षात येतं, आपण इतके दिवस होडी वल्हवत होतो.

त्या दिवशी घरी येऊन बहुतेक जण एकच गोष्ट करतात: कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपचा, सेट शोधायला बसतात. मीही तेच केलं होतं. आज कुणी विचारलं तर सांगतो, पार्ट निवडण्याआधी एक सबंध दुपार गाडीखाली घाला. जी ‘थकलेली’ सस्पेन्शन मी पाहिली, त्यांत शॉकअप हा अर्धाच आजार होता. उरलेला अर्धा रबरात होता.

नेमकं काय गेलंय?

तीन कामं वेगळी ओळखा. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप त्या स्प्रिंगची उसळी जिरवतो. रबरी बुश आणि जॉइंट चाकाला त्याच्या जागी धरून ठेवतात. तिन्ही बिघडले तरी चालवणाऱ्याच्या तोंडी तक्रार एकच येते, ‘गाडी सैल वाटतेय’. म्हणून तक्रारीचे तुकडे करा.

गतिरोधक ओलांडल्यावर नाक एकदा वरखाली होऊन थांबायला हवं. दोन-तीनदा झुलत राहिलं, किंवा वेगात रस्त्याच्या उंचवट्यावरून जाताना मागचा भाग तरंगल्यासारखा झाला, तर शॉकअप. हळू वेगात छोट्या खड्ड्यांवर कोरडी खडखड येत असेल तर आधी स्टॅबिलायझरचा (वळणात गाडी कलू न देणाऱ्या बारचा) लिंक रॉड आणि वरचं माउंटिंग बघा. शॉकअपवर या आवाजाचा आळ फुकटच येतो. ब्रेक दाबताच स्टीअरिंग एका बाजूला सरकतं, सोडलं की परत येतं? लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या हाताचा) मागचा मोठा बुश फाटलेला असण्याची शक्यता दाट. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना टणकन आवाज आला तर स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीच्या) वरचं बेअरिंग अडकतंय, स्प्रिंग पीळ खाऊन सुटतेय. एकच कोपरा खाली बसला असेल तर स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटलाय का ते पाहा. तो बैठकीच्या वाटीत लपलेला असतो, वरवर बघून सापडत नाही.

टायरवरून हात फिरवा. टायरच्या नक्षीवर ठरावीक अंतराने खळगे आणि उंचवटे लागले, तर चाक रस्त्यावर टिकून न राहता उड्या मारतंय, म्हणजे शॉकअप कमजोर. फक्त आतली कड खाल्ली गेली असेल तर दोष बहुधा टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेलं असणं) किंवा कॅम्बरमध्ये (समोरून पाहता चाक कललेलं असणं) असतो आणि त्यामागे बुशही असू शकतो.

कोपरा हाताने दाबून सोडायची जुनी पद्धत परफॉर्मन्स कारला फारशी लागू पडत नाही. या गाड्यांच्या स्प्रिंगा इतक्या कडक की माणसाच्या जोराने शॉकअप जेमतेम हलतो. पूर्ण मेलेला शॉकअप त्यातून पकडता येतो, निम्मा मेलेला नाही.

शॉकअपवर धूळ चिकटलेला तेलाचा पातळ थर दिसला म्हणून लगेच घाबरू नका. सील थोडं तेल पुसत राहतंच. ओले ओघळ खालपर्यंत आले असतील, बोट लावल्यावर तेल येत असेल, तर मात्र प्रश्न संपला.

दिवा लागलाय म्हणजे शॉकअप गेलाच असं नाही

आता अनेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक शॉकअप असतात. काहींमध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह तेलाची वाट कमी-जास्त करतो. काहींमध्ये, २००२ साली कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमधून रस्त्यावर आलेल्या मॅग्नेराइडसारख्या यंत्रणेत, तेलातच लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. दट्ट्यातल्या गुंडाळीतून वीज गेली की चुंबकीय क्षेत्रात ते कण रांगा धरतात आणि तेल क्षणार्धात घट्ट होतं. वीज नसेल तर असा शॉकअप मऊच राहतो.

डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा इशारा आला तर स्कॅनर लावून कोणता कोपरा ओरडतोय ते वाचा. मग इग्निशन बंद करून त्या शॉकअपचा प्लग काढा आणि मल्टिमीटरने रोध मोजा. तोच आकडा त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूला मोजा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर संशय वायर, प्लग किंवा चाकाची उंची मोजणाऱ्या सेन्सरवर न्या. त्या सेन्सरची छोटी दांडी चिखल-पाण्यात गंजून तुटते आणि बिचारा महागडा शॉकअप बदलला जातो.

काय बसवायचं

इथे एकच प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचा: मला गाडी होती तशी परत हवी आहे, की वेगळी हवी आहे?

होती तशी हवी असेल तर मूळ पार्ट, किंवा त्याच दर्जाचा दुसऱ्या नावाने मिळणारा पार्ट घ्या. बिलस्टीनच्या यादीत बी४ हा मूळच्या जागी मूळसारखा. बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी पण अधिक कडक. बी८ आखूड, म्हणजे खाली बसवणाऱ्या स्प्रिंगसाठी. हा फरक लक्षात ठेवा, कारण आखूड स्प्रिंगसोबत पूर्ण लांबीचा शॉकअप लावला की त्याच्या दट्ट्याला खालच्या बाजूला फिरायला जागाच उरत नाही. कोनीच्या पिवळ्या शॉकअपमध्ये उसळी रोखण्याचा जोर हाताने बदलता येतो. एकदा चालवून आपल्या मनासारखं करू पाहणाऱ्याला तो बरा.

वेगळी हवी असेल तर कॉइलओव्हर. तिथे नावामागचे आकडे वाचायला शिका. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट १ मध्ये फक्त उंची बदलते, २ मध्ये उसळी रोखण्याचा जोरही, ३ मध्ये दाब रोखण्याचाही. ज्याने आयुष्यात एकदाही क्लिक (हा जोर बदलणाऱ्या बटणाचा एकेक टप्पा) मोजलेला नाही त्याने थेट तिसरा घेतला तर चुकीच्या जागी गाडी अडकवायचे मार्गच जास्त मिळतात. माझं मत विचाराल तर रोज वापरायच्या गाडीला नवं रबर आणि चांगला मूळ दर्जाचा शॉकअप हा स्वस्तातल्या कॉइलओव्हरपेक्षा कधीही सरस. स्वस्त सेटमध्ये स्प्रिंग कडक मिळते, पण तिला आवरणारा शॉकअप मिळत नाही आणि त्या उड्यांनाच लोक ‘स्पोर्टी’ म्हणतात.

स्प्रिंगचा आकडा वाचताना एक फसगत टाळा. स्प्रिंगचा कडकपणा आणि चाकाला जाणवणारा कडकपणा वेगळा. चाक १० मिमी हललं तेव्हा स्प्रिंग ७ मिमीच दबत असेल तर प्रमाण ०.७, आणि चाकापाशी हे प्रमाण दोनदा गुणावं लागतं. म्हणजे ५० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग चाकाला २४.५ चीच वाटते. म्हणून मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा दुप्पट कडक दिसली तर दचकू नका. मागे ती बहुधा आर्मवर आतल्या बाजूला बसवलेली असते.

आता उंचीबद्दल, कारण यावरून मित्रांशी वाद होतात. गाडी थोडी खाली आणली की गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरं. पण मॅकफर्सन स्ट्रट (चाकाला वरून स्ट्रटच धरतो अशी रचना) असलेल्या गाडीत लोअर आर्म एकदा आडव्याच्या पलीकडे, बाहेरच्या टोकाने वर झुकला की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि वळणात गाडी आधीपेक्षा जास्त कलू पाहते. शिवाय टाय रॉडचा (स्टीअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांडीचा) कोन बिघडून खड्ड्यावर चाकं आपोआप वळतात आणि शॉकअप थोड्याच प्रवासात बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरावर, आपटतो. कारखान्यातून आधीच खाली आलेल्या गाडीला आणखी १५–२० मिमी ही मी माझी हद्द मानतो. फोटोत अजून ३० मिमी सुंदर दिसतं, मान्य.

इलेक्ट्रॉनिक शॉकअप काढून साधे लावणार असाल तर रिकाम्या प्लगमुळे दिवा लागून राहतो. त्यासाठी रोध असलेले प्लग मिळतात, किंवा कंट्रोल युनिटमधून ती यंत्रणा काढून टाकावी लागते. आपल्या गाडीला यातलं काय चालतं ते पार्ट मागवण्याआधी नक्की करा.

सोबतच्या लहानसहान वस्तू

शॉकअप नेहमी जोडीने बदला, एका ॲक्सलचे दोन्ही. त्याबरोबर टॉप माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बंप स्टॉप, डस्ट बूट, स्प्रिंगखालचं रबर आणि लिंक रॉड नवे घ्या. कोपरा एकदा उघडल्यावर हे बदलायला वेगळे कष्ट पडत नाहीत. जुनंच माउंटिंग वापरून महिन्याने तेच काम पुन्हा करणारे मी पाहिले आहेत, एक तर रोज आरशात दिसतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ‘एकदाच वापरा’ असं लिहिलेले नट-बोल्ट असतील तर तेही नवेच. काही बोल्ट ताणून आवळलेले असतात. दुसऱ्यांदा ते तसे धरत नाहीत.

हत्यारांत टॉर्क पाना, गोटी पाने, ॲलन आणि स्टार बिट, दोन जॅक, भक्कम जॅक स्टँड, पाचर आणि स्प्रिंग कंप्रेसर. शेवटच्याबद्दल खाली वेगळं सांगतो.

कामाचा दिवस

आदल्या रात्री सगळ्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी काहीही सैल करायच्या आधी चारही कोपऱ्यांची उंची मोजा: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने आकडा बदलतो. हे चार आकडे लिहून ठेवा. पुढे एका फार महत्त्वाच्या जागी ते लागणार आहेत.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून न उचलल्या जाणाऱ्या चाकांना पाचर लावा. चाकाचे नट जमिनीवरच किंचित सैल करा, मग उचला आणि ठरवून दिलेल्या जागीच स्टँड लावा. जॅकवर टांगलेल्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग जाऊ देऊ नका.

चाक निघालं की स्ट्रटला बांधलेल्या गोष्टी सोडवा: ब्रेकच्या होजची कडी, एबीएसच्या सेन्सरची वायर, इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याचा प्लग, उंचीच्या सेन्सरची दांडी. लिंक रॉडचा नट फिरवताना आतला बोल्टही फिरू लागतो. त्याच्या टोकाला असलेल्या खाचेत ॲलन किंवा स्टार बिट घालून तो धरा. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड एकाच वेळी सोडलेत तर बारचा ताण जातो आणि पुढचं काम सोपं होतं.

स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्टने जोडलेले असतील तर त्यांची जागा मार्करने आखून ठेवा. काही गाड्यांत याच बोल्टमुळे कॅम्बर ठरतो. लोअर आर्मखाली दुसरा जॅक हलकेच टेकवा, मग बोल्ट काढा. नकल बाहेरच्या बाजूला कलंडू लागेल. तिला तारेने बांधा, नाहीतर तिचा भार ब्रेकच्या होजवर येतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट ओढला जातो. शेवटी बॉनेटखालचे माउंटिंगचे नट काढा, एक हात खाली स्ट्रटला धरून. मधला मोठा नट आत्ता हलवायचा नाही. स्प्रिंगला दाबून धरणारा तोच एक आहे.

आता कंप्रेसर. ४० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग १०० मिमी दाबली की तिच्यात ४००० न्यूटनचा, म्हणजे साधारण ४०० किलोच्या वजनाएवढा जोर साठतो. हे सगळं तुमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. दोन्ही क्लँप समोरासमोर, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने थोडं थोडं आवळा. इम्पॅक्ट गन वापरू नका. स्प्रिंग बैठकीवरून सुटून हाताने फिरू लागली की मगच मधला नट काढा, तोही तोंड बाजूला ठेवून. पुरेशी खात्री वाटत नसेल तर स्ट्रट काढून गॅरेजमध्ये न्या आणि तिथल्या भिंतीच्या कंप्रेसरवर स्प्रिंग बदलून आणा. यात कमीपणा काहीच नाही. मी आजही तेच करतो.

नवा शॉकअप दोन नळ्यांचा असेल तर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढा; आडवा पडून आत गेलेली हवा वर निघून जाते. एका नळीच्या शॉकअपमध्ये जास्त दाबाचा गॅस असतो, त्याचा दांडा आपणहून वर येतो, त्याला हे लागत नाही. कुठल्याही शॉकअपचा चकचकीत दांडा पकडीने धरू नका. एक ओरखडा सील कापायला पुरतो. वरचा नट गनने ठोकल्यावर दांडा गरागरा फिरतो, म्हणून तोही हातानेच.

स्प्रिंगचं टोक वाटीतल्या पायरीला नीट टेकलंय ना, ते पाहून कंप्रेसर सोडा आणि उलट क्रमाने सगळं बसवा. बोल्ट आधी फक्त हाताने लावा.

आणि आता ते चार आकडे. लोअर आर्मचे बहुतेक रबरी बुश फिरत नाहीत. बाहेरची नळी आर्मला, आतली नळी बोल्टला घट्ट, मधलं रबर पीळ खातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला तर त्या खालच्या स्थितीतच रबर ‘शून्य’ धरतं. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं. उंची चुकीची बसते, चाल कडक होते आणि रबर काही महिन्यांत फाटतं. माझ्या पहिल्या गाडीत मी नेमकं हेच केलं आणि नव्या कोऱ्या बुशना शिव्या घालत बसलो. म्हणून जॅकने नकल वर उचला, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर लिहिलेल्या आकड्याएवढं करा, आणि मग मॅन्युअलच्या टॉर्कने शेवटचा आवळा द्या. उंची बदलणार असाल तर नव्या उंचीचा आकडा धरा. उचलताना गाडी स्टँडवरून उठू लागली तर थांबा आणि तो एक बोल्ट चाकं जमिनीवर टेकवून, रॅम्पवर किंवा खड्ड्यात आवळून घ्या. थकलेल्या किंवा तुटलेल्या स्प्रिंगची जुनी उंची अर्थातच प्रमाण मानू नका; तिथे मॅन्युअलमधला आकडा घ्या.

गाडी खाली आल्यावर

पहिले काही किलोमीटर हळू चालवा, ब्रेकचा पाय तपासा, परत येऊन चाकाचे नट आणि होजची कडी बघा. मग अलाइनमेंट. ती करवली नाही तर नवे टायर डोळ्यांदेखत जातात. स्प्रिंग थोडी बसते, म्हणून उंची बदलली असेल तर काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजा आणि दुसऱ्यांदा अलाइनमेंट करा. स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणायला सांगा. उंची बदलली तर हेडलाइटची दिशा आणि पुढचा रस्ता पाहणारा कॅमेरा असेल तर त्याचं कॅलिब्रेशनही करून घ्यावं लागतं.

क्लिकचे शॉकअप असतील तर कंपनीने सुचवलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. मोजणी बहुधा पूर्ण बंद, म्हणजे सर्वांत कडक, स्थितीपासून. आधी उसळीचा जोर, एका वेळी दोन क्लिक, एका ॲक्सलला दोन्ही बाजूंना सारखेच, आणि तोच ओळखीचा रस्ता. उसळी फार कडक केली तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला खाली यायला वेळ मिळत नाही आणि गाडी हळूहळू स्वतःला खाली ओढत जाते. नवख्याला हे ‘मऊ’ वाटतं आणि तो आणखी कडक करतो.

पहिल्या आठवड्यात एखादा आवाज येईल. स्टीअरिंग फिरवताना टक झालं तर वरचा मधला नट किंवा स्प्रिंगचं टोक पायरीवर नसणं. एका चाकाखाली लहान खड्डा आल्यावर खडखड झाली तर लिंक रॉडचा नट. ब्रेक सोडताना एकच ठोका आला तर लोअर आर्मचा बोल्ट, आणि तो आवळेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.